टाकाऊ आनाले पैसे

मागच्या साली दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आधीची गोष्ट. वेचलेल्या कापसाचं गाठोडं ओट्यावर टाकून मी हातपाय धूत होतो, तर चौथीतली नात समोर येऊन उभी राहिली.

"आबा, ऐंशी रुपये द्या. शाळेत स्पर्धा हाय. टाकाऊतून टिकाऊ."

"मंग त्याले पैसे कायले लागतात?"

"टाकाऊ आनाले!"

आइस्क्रीमच्या काड्यांचं पाकीट, चमकीचा कागद आणि डिंकाची नळी, असा तिचा हिशोब होता. त्या काड्या दुकानात नव्या कोऱ्या मिळतात. त्यांच्यावरचं आइस्क्रीम कोणी खाल्लेलंच नसतं. मला हसू आलं, पण रात्री झोप काही लवकर आली नाही.

आमचं गाव पूर्णेच्या काठी, दर्यापूर-अकोटच्या मधात. हा मुलूख गाडगेबाबांचा. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली, परटाच्या घरी डेबूजी जन्मला. लहानाचा मोठा झाला मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्याला, मामाच्या घरी. १९०५ साली घर सोडलं, तेव्हापासून अंगावर चिंध्या जोडून केलेला वेष, हातात झाडू आणि सोबत फुटक्या मडक्याचं गाडगं. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीचा तुकडा. लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तनात सांगायचं, की जेवायची थाळी विका पण लेकराले शाळेत घाला. १९५६ च्या डिसेंबरात अमरावतीजवळ, वलगावच्या पेढी नदीपाशी ते गेले. मी काही त्यांना पाहिलं नाही, माझा जन्म त्यानंतरचा. पण माझ्या आजीनं कीर्तन ऐकलं होतं. घरात चिंधी फेकली की ती म्हणे, "बाबानं हेच अंगावर घातलं रे पोट्ट्या, पायाखाली नको तुडवू."

आजी उन्हाळ्यात वाकळ शिवायची. आम्ही पोरं सुईत दोरा ओवून द्यायचो. विरलेलं फडकं मधात, धड लुगडं वरून, काठ चारही बाजूनं. कोणतं कापड किती वर्षं टिकंल, हे ती बोटानं चोळून सांगे. ज्वारीच्या धांड्याची गाडी, चिंध्यांचा चेंडू, शाईच्या दौतीची चिमणी, पोळ्याले काळ्या मातीचे बैल, हे सारं आमचं आम्हीच करत होतो. याला कोणी शिक्षण म्हणत नव्हतं.

शिक्षण म्हणणारे लोक आमच्यापासून लांब नव्हते, शेजारच्या वर्धा जिल्ह्यातच होते. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं असं, की लेकराचं शिक्षण हातउद्योगापासून सुरू व्हावं, मातृभाषेत व्हावं, आणि पोरानं केलेली वस्तू कोणाच्या तरी उपयोगी पडावी, विकली जावी. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पुढं सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम या जोडप्यानं ही नई तालीम चालवून दाखवली. त्या समितीनं एक धोकाही सांगून ठेवला होता. कमाईच्या मागं लागून शिकणं मागं पडू नये.

त्या नई तालमीची एक लांबची चुलतबहीण आमच्या शाळेतही होती, टकळी. घरच्या कापसाचे पेळू नेऊन आम्ही सूत काढत होतो. माझं सूत दर दोन हातांवर तुटे. पण कापसाचा धागा होतो कसा, हे कास्तकाराच्या पोराला तिथं कळलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी आजवर कोणाला सांगितली नाही. बहात्तरचा दुष्काळ होता. माय दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रेशनवर लाल मिलो मिळे. त्याच्या रिकाम्या पोत्याचं मायनं मला दप्तर शिवून दिलं, दुहेरी शिलाईचं, बापाच्या जुन्या धोतराचे बंद लावून. वर्गात पोरांनी माझं नाव मिलो ठेवलं. चार दिवस सहन केलं, पाचव्या दिवशी मी ते दप्तर कोरड्या विहिरीत फेकलं. घरी सांगितलं, हरवलं.

मायला समजलंच. तिनं गळ टाकून ते वर काढलं. मला एका शब्दानं बोलली नाही. धुतलं, उसवलं आणि त्याचं शाळेत बसायचं बस्कर शिवलं. सातवीपर्यंत मी त्यावर बसलो. ते कशाचं होतं, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

म्हणून जुन्या दिवसांचे गोडवे गाताना माझी जीभ अडते. आमचं टाकाऊतून टिकाऊ हे गरिबीनं करवलं होतं. ज्याच्याजवळ दुसरं काही नाही, त्याला ते करताना लाज वाटते. पण त्या लाजेपायी आम्ही विद्याही फेकून दिली, माझ्या दप्तरासारखी. हातात चार पैसे आले तशी वाकळ गेली, ब्लँकेट आलं. मग तीच विद्या शाळेच्या दुकानातून पाकिटात परत आली.

खरा टाकाऊ माल घेऊन शिकवणारे आजही आहेत. पुण्याचे अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरला शिकलेले. त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे जोडून पोरांना भूमिती शिकवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची खेळणी पोरं मोडून पाहतात, पुन्हा जोडतात. आमच्या धांड्याच्या गाडीचंही तसंच होतं.

सकाळी मी नातीला ऐंशी रुपये दिले. नाही म्हणणं सोपं होतं, पण वर्गात एकटं पडणं काय असते, ते मला ठाऊक आहे. फक्त अट घातली, की सोबत माझ्यासाठी एक वस्तू करायची. पेटीतून मी मायचं लुगडं काढलं. सून म्हणाली, "मामाजी, आठवण हाय ते, काहून कापता?" माझाही हात कापला, पण घडीवर घडी पडून ते विरतच चाललं होतं. नातीला म्हटलं, बोटानं चोळून पाय. धड भाग कोणता, ते तिनं बरोबर सांगितलं. दोन संध्याकाळी बसून आम्ही बाजाराची थैली शिवली. तिचे टाके वाकडे, माझे त्याहून वाकडे.

काड्यांचं घर स्पर्धेत गेलं. नंबर नाही आला. ते टीव्हीवर होतं तोवर होतं, मग मोडलं. थैली दर बाजाराला जाते. पोळ्याच्या आधी कांद्याच्या वजनानं तिचा एक बंद तुटला. मी दाभण शोधत होतो, तर नात म्हणाली, "राहू द्या आबा, तुमाले दिसत नाई." अन् दुहेरी शिलाई घालून बसली. ती तिला कोणी सांगितली नव्हती.