हळदीचे दूध

हळदीचे दूध : दुधात हळद घालून उकळलेले घरगुती पेय. महाराष्ट्रात सर्दी, खोकला, घशाची खवखव व मुका मार यांवर ते रात्री निजताना गरम पिण्याची प्रथा आहे. पेलाभर दुधात पाव ते अर्धा चमचा हळदपूड घालून ते मंद आचेवर उकळतात. आवडीनुसार सुंठ, मिरपूड वा वेलदोडा घालतात. गूळ मात्र दूध खाली उतरविल्यावर घालतात, अन्यथा ते नासण्याचा संभव असतो. हळदीतील कुर्कुमीन हे पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ अविद्राव्य असून स्निग्ध पदार्थांत विरघळते. मिरीतील पिपरिनामुळे त्याचे शोषण वाढते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.

जखम भरून येण्यासाठी हळद लावण्याच्या व पोटात देण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास मिळाले. तेथील तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील केवळ तोंडी परंपरा ग्राह्य नव्हती; छापील आधार आवश्यक होता. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने असे आधार सादर केले आणि १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, आयुष मंत्रालयाने १५० मिलि. गरम दुधात अर्धा चमचा हळद घेण्याचे सुचविले. घरोघरीच्या या पेयाची अशी शासकीय नोंद झाली; तथापि त्याने तो रोग बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही.