उभ्या गाडीच्या बॅटरीची कुळकथा

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादची एक बातमी देशभर गाजली. शहरातल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन, एकाच सौद्यात १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा. मराठवाडा म्हणजे टँकर आणि दुष्काळ एवढेच ठाऊक असलेल्यांना नवल वाटले. इथल्या माणसाला तितके वाटले नाही. १९८५ पासून वाळूजला बजाजच्या दुचाक्या बनत होत्या, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडाच्या मोटारी जुळत होत्या, पुढे तिथेच ऑडीही जुळू लागल्या. गाडी हा या गावाच्या पोटापाण्याचा विषय आहे.

आता गावाचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले आहे, आणि काही बंगल्यांच्या पोर्चमध्ये मोठ्या गाडीशेजारी एखादी बुटकी, दोन सीटची गाडीही दिसते. ती फार चालत नाही. जूनमध्ये पाऊस लागला, रस्त्यावर पाणी साचले, खड्ड्यांचा अंदाज येईनासा झाला की तिच्यावर कव्हर चढते, ते दसऱ्याच्या आसपास उतरते. युरोपात अशा गाड्या हिवाळाभर उभ्या ठेवतात, कारण बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेले मीठ पत्रा खाते. आपल्याकडे हा मुक्काम पावसाळ्यात पडतो. कव्हरखालून एक बारीक वायर निघून भिंतीवरच्या प्लगमध्ये गेलेली असते आणि वायरीच्या मधल्या डबीवर हिरवा दिवा लागलेला असतो. ही वायर म्हणजे फेरारी-पोर्शेवाल्यांची चैन, असा सर्रास समज आहे. मला तो पटत नाही. तिचे कूळ शोधत मागे गेले तर वाट टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीत जाते, रेल्वेच्या सिग्नलपाशी जाते, आणि आपल्यापुरते बोलायचे तर घरातल्या इन्व्हर्टरपाशी येते.

मूळपुरुष गास्तों प्लाँते. या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे एकमेकांना चिकटू न देता गुंडाळले आणि पातळ गंधकाम्लात बुडवले. उतरली की पुन्हा भरता येईल अशी ही पहिली बॅटरी. पण भरायची कशाने? कामाचा डायनामो तेव्हा नव्हताच. प्लाँतेला आपली बॅटरी भरायला बुन्सेनच्या सेलांची रांग लावावी लागे, आणि ते सेल एकदा संपले की संपले. शिवाय पत्रे कामाला लायक व्हायला महिनोन् महिने भरणे-उतरवणे चालायचे. १८८१ च्या सुमारास कामीय फोर याने पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप द्यायची युक्ती काढली, तेव्हा हा वेळ वाचला आणि बॅटरी कारखान्यात बनू लागली. आजच्या गाडीतली प्लेट मूळची त्याचीच.

बॅटरीचा स्वभाव उलगडला तो १८८२ मध्ये. ग्लॅडस्टन आणि ट्राइब या इंग्लंडमधल्या दोघा रसायनज्ञांनी दाखवून दिले की बॅटरी उतरताना तिच्या दोन्ही प्लेटांवर एकच पदार्थ तयार होतो : शिशाचे सल्फेट. भरताना ते विरघळून पुन्हा शिसे, शिशाचा ऑक्साइड आणि आम्ल होते. सगळी गोम इथे आहे. सल्फेट ताजे असते तेव्हा त्याचे कण बारीक असतात आणि सहज विरतात. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिली तर तेच कण मोठे, टणक स्फटिक होऊन बसतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. बॅटरीवाला झाकण उघडून आत बघतो आणि सांगतो, प्लेटा पांढऱ्या पडल्या, आता नवीनच घ्या. म्हणजे शिशाची बॅटरी वापराने जितकी झिजते त्याहून जास्त ती रिकामी राहिल्याने मरते. आणि रिकामी ती होतेच, कारण काही न जोडता नुसती ठेवली तरी आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हे उतरणे साधारण दुप्पट होते. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या गावाला हे पक्के ठाऊक असायला हवे.

या दुखण्यावर पहिला नेटका इलाज मोटारवाल्यांनी शोधला नाही. त्यांना गरजच नव्हती. सुरुवातीच्या मोटारी हँडल मारून चालू व्हायच्या, आणि हँडल उलटे फिरले तर मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा स्टार्टर बसवला तेव्हा बॅटरी मोटारीत कायमची राहायला आली. पण मोटार रोज चालायची आणि चालता चालता डायनामो बॅटरी भरून काढायचा. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या बॅटरीची काळजी दुसऱ्यांनाच होती.

त्यात टेलिफोनवाले पहिले. गावभरच्या फोनना बोलण्यापुरती वीज एक्स्चेंजमधल्या मोठ्या बॅटरीतून जायची, ४८ व्होल्टची. ती बंद पडली की गाव मुके. सुरुवातीला बॅटऱ्यांचे दोन संच ठेवत. एक कामावर असताना दुसरा चार्जिंगला, मग अदलाबदल. या आलटून-पालटून भरण्या-उतरवण्यात प्लेटा लवकर संपत. पुढे पद्धत बदलली : बॅटरी, चार्जर आणि एक्स्चेंजचा भार तिन्ही एकत्र जोडून टाकायचे आणि चार्जरचा दाब अशा बेताने धरायचा की बॅटरी भरलेलीच राहील, पण उकळणार नाही. दर सेलमागे सुमारे सव्वादोन व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, म्हणजे साडेतेरा. आजही गाडीच्या चार्जरवर हिरवा दिवा लागतो तेव्हा मल्टिमीटर लावून पाहिले तर आकडा साडेतेराच्या आसपासच दिसतो.

दुसरे रेल्वेवाले. ओसाड माळावरच्या सिग्नलची बॅटरी भरायला रोज माणूस पाठवणे शक्य नव्हते. १९२० च्या दशकात अमेरिकेत सिग्नल बनवणाऱ्या कंपनीतल्या ग्रॉन्डाल या संशोधकाने तांब्याच्या ऑक्साइडचा रेक्टिफायर बनवला. आलटत्या विजेची सरळ वीज करणारा हा ठोकळा. ना काच, ना तार, ना फिरता भाग. त्यातून अगदी क्षीण करंट अखंड सोडायचा, बॅटरी जितकी स्वतःहून उतरते तितकाच. ट्रिकल चार्जिंग म्हणतात ते हेच, आणि भिंतीतल्या प्लगपासून बॅटरीपर्यंतचा रस्ता मला त्या सिग्नलपासूनच सुरू झालेला दिसतो.

किती क्षीण? साठ ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिन्याला पाच टक्के उतरते असे धरा. म्हणजे तीन ॲम्पिअर-तास, महिन्याच्या ७२० तासांत. भागाकार करा : चार मिलिॲम्पिअर. एका छोट्या एलईडी दिव्यालाही याहून जास्त लागतात.

आपल्याकडे मात्र बॅटरी आधी गाडीवाल्यांच्या नव्हे, रेडिओवाल्यांच्या घरी पोचली. निजामाच्या राज्यात डेक्कन रेडिओचे एक केंद्र औरंगाबादेत होते, १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे गेले. ऐकणाऱ्या बहुतेक खेड्यांत तेव्हा वीज नव्हती. रेडिओ बॅटरीवर चाले आणि बॅटरी उतरली की ती तालुक्याच्या गावी चार्जिंगच्या दुकानात न्यावी लागे. मग ट्रॅक्टर आले, ट्रक वाढले, चिंचवडला १९६९ मध्ये एक्साइडचा कारखाना आला आणि ही दुकाने मोंढ्यापासून बसस्टँडपर्यंत पसरली. अजूनही जुन्या दुकानात ते दृश्य दिसते : लाकडी फळीवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या, उघड्या बुचांतून बारीक बुडबुडे, घशाला लागणारा आंबूस वास. दुकानदार रबरी फुगा दाबून काचेच्या नळीत आम्ल ओढतो, नळी डोळ्यासमोर धरतो आणि आतल्या तरंगत्या काट्यावर आम्लाची घनता वाचतो. बाराशे साठ असेल तर तो नळी मोकळी करून पुढच्या सेलकडे जातो. एकच सेल अकराशे पन्नास निघाला तर बाकी पाच कितीही चांगले असोत, बॅटरी गेली. हाताला आम्लाचे चट्टे असलेल्या या माणसांनी कोणत्याही पुस्तकाआधी मराठवाड्याला बॅटरी शिकवली, आणि त्यांचे हे ऋण कुणी मानलेले मला दिसत नाही.

दुसरी शाळा लोडशेडिंगची. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे होऊन महावितरण आली, आणि त्याच वर्षांत मराठवाड्याची वीज रोज तासन् तास जात होती. दहावी-बारावीची पोरे असलेल्या घरांनी पदरमोड करून इन्व्हर्टर घेतले. जिन्याखालची ती उंच ट्युब्युलर बॅटरी, महिन्या-दोन महिन्यांनी तिच्यात घालायचे डिस्टिल्ड वॉटर, टर्मिनलला लावायचे व्हॅसलीन हे सगळे घरातल्या बाईमाणसांनाही पाठ झाले. वीज असताना इन्व्हर्टर त्या बॅटरीला काय करत असतो? एक्स्चेंजवाल्यांनी जे केले तेच : भरून घेतो आणि मग साडेतेराच्या आसपास धरून ठेवतो. लाखो घरांत ही पद्धत इथल्या पोर्चमधल्या स्पोर्ट्स कारच्या आधीपासून नांदत होती.

मग गाडीला तिची गरज का पडली? कारण गाडी आता झोपत नाही. कुलूप लावून किल्ली खिशात टाकली तरी अलार्म जागा असतो, किल्लीची चाहूल घेणारा रिसीव्हर जागा असतो, कॉम्प्युटर आपली स्मृती धरून असतात. निरोगी गाडीतही हा छुपा खर्च पन्नास मिलिॲम्पिअरपर्यंत चालतो. बॅटरीच्या स्वतःच्या उतरण्याच्या बारापट. दिवसाला सव्वा ॲम्पिअर-तासाच्या जवळ जातो, आणि साठची बॅटरी पन्नास दिवसांत कोरडी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गाड्या दोन-दोन महिने जागच्या हलल्या नाहीत, तेव्हा किल्ली फिरवल्यावर नुसता टक् आवाज का आला, त्याचे उत्तर या गुणाकारात आहे.

त्यावर घरोघरी एक उपाय सांगतात : आठवड्यातून एकदा पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवायची. कळकळीने सांगतो, हे करू नका. आठवड्याचा छुपा खर्च आठ ॲम्पिअर-तासांहून जास्त. तो पाच मिनिटांत भरून काढायचा तर शंभर ॲम्पिअर लागतील. उभ्या जागी पुटपुटणारे इंजिन तेवढे देत नाही आणि बॅटरी तेवढे घेत नाही. वर सायलेन्सरमध्ये पाणी धरते ते वेगळेच. टर्मिनल काढून ठेवणे जुन्या ॲम्बेसेडरला चालायचे. नव्या गाडीत त्याने अलार्म मरतो आणि काचांची, घड्याळाची नव्याने जुळवाजुळव करावी लागते.

पोर्शे ९११ च्या बऱ्याच गाड्यांत तर आणखी पेच आहे. बॅटरी पुढच्या डिकीत आणि डिकीचे कुलूप विजेचे. बॅटरी पूर्ण बसली की बॅटरीपर्यंत जायची वाटच बंद. म्हणून ड्रायव्हरच्या पायापाशी फ्यूजच्या पेटीत ओढून बाहेर काढायचे एक टोक ठेवलेले असते. त्याला बाहेरून बारा व्होल्ट द्यायचे, मग कुलूप उघडते. ज्याला ते टोक माहीत नाही त्याच्यासाठी ती गाडी म्हणजे बंद तिजोरी.

म्हणून आज स्वीडनच्या सीटेकसारख्या कंपन्या, ज्या बड्या गाडीवाल्यांनाही त्यांच्या नावाचे चार्जर बनवून देतात, त्या यंत्रात छोटा कॉम्प्युटर घालतात. तो आधी बॅटरी तपासतो, मग १४.४ पर्यंत भरतो, मग खाली येऊन धरून ठेवतो. आपल्याकडे असा चार्जर घेताना दोन गोष्टी मात्र पाहाव्यात. वीज जाऊन आल्यावर यंत्र आपणहून पुन्हा कामाला लागते का. चार तास वीज नसल्याने बॅटरीचे काही बिघडत नाही. वीज आल्यावर कुणी बटण दाबायची वाट पाहत यंत्र महिनाभर थांबले तर सगळेच बिघडते. दुसरी, ते उष्णता ओळखते का. साडेतेराचा आकडा पंचवीस अंशांसाठीचा आहे. दर अंशाला दर सेलमागे सुमारे तीन मिलिव्होल्ट कमी करायचे असतात, म्हणजे एप्रिल-मे महिन्यात चाळीस अंशांच्या शेडमध्ये पाव व्होल्टहून थोडे जास्त. हे न समजणारा चार्जर उन्हाळाभर बॅटरीतले पाणी उडवत बसतो, आणि सीलबंद बॅटरीत ते पुन्हा घालता येत नाही.

कुळाची एक फांदी आता वेगळ्या दिशेने गेली आहे. २०१० पासून पोर्शेने ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरला लिथियमची बॅटरी देऊ केली. वजन सहा किलोच्या आत, शिशाच्या बॅटरीपेक्षा दहा किलोहून हलकी. लिथियमवर सल्फेट धरत नाही. ती स्वतःहून फारशी उतरत नाही, आणि लांबच्या मुक्कामाला तिला काठोकाठ भरलेले राहणे मानवत नाही, थोडी रिकामीच बरी. प्लाँतेपासून चालत आलेला नियम इथे उलटा होतो. शिशाच्या जुन्या बॅटरीचे सल्फेट फोडण्यासाठी चार्जरवर जे जादा दाबाचे बटण असते ते तर लिथियमला घातकच, म्हणून तिचा चार्जर वेगळा. पण कडक थंडीत ती स्टार्टरला पुरेसा जोर देत नसे, आणि म्हणून पोर्शे त्या गाडीबरोबर नेहमीची शिशाची बॅटरीही देई, त्याच खाचेत, त्याच बोल्टांवर बदलून बसवायला.