दिल्लीहून परतलेल्या आमदार: मृणाल गोरे

महापालिका, विधानसभा आणि लोकसभा या चढत्या पायऱ्या मानल्या जातात आणि दिल्ली पाहिलेला सदस्य पुन्हा मुंबईच्या विधानभवनात आला, तर त्याची पीछेहाट झाली असे समजण्याचा प्रघात आहे. मृणाल गोरे (1928–2012) यांची कारकीर्द मात्र या प्रघाताला छेद देते, कारण कायदेमंडळातील त्यांचे सर्वांत टिकाऊ काम लोकसभेनंतरचे आहे.

वैद्यकीय शिक्षण सोडून समाजवादी चळवळीत उतरलेल्या गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावसारखी उपनगरे 1957 मध्ये महापालिकेच्या हद्दीत आली होती, पण हद्द ज्या वेगाने वाढली त्या वेगाने नळ पोहोचले नव्हते. रिकामे हंडे घेतलेल्या बायकांच्या मोर्चांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव मिळवून दिले. 1972 मध्ये त्या मालाडमधून विधानसभेत गेल्या. त्याच वर्षी दुष्काळ आणि टंचाईच्या पार्श्वभूमीवर महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि समाजवादी प्रमिला दंडवते व मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर यांच्यासह गोरे यांनी थाळ्या-लाटणी घेतलेल्या गृहिणींना रस्त्यावर आणले. आणीबाणीत भूमिगत कार्य आणि तुरुंगवास झाल्यावर 1977 मध्ये त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या. परंतु ती लोकसभाच 1979 मध्ये विसर्जित झाली.

1985 मध्ये गोरेगावातून त्या विधानसभेत परतल्या, तेव्हा गर्भजल परीक्षेचा, म्हणजे गर्भाभोवतीचे द्रव सुईने काढून त्यातील पेशी तपासण्याच्या चाचणीचा, प्रश्न मुंबईत पेटलेला होता. जन्मजात दोष ओळखण्यासाठी असलेली ही चाचणी मुलीचा गर्भ हेरून पाडण्यासाठी सर्रास वापरली जात होती, आणि स्त्री संघटनांनी व काही डॉक्टरांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली होती. गोरे यांनी 1986 मध्ये या विषयावर अशासकीय विधेयक मांडले. मंत्री नसलेल्या सदस्याने स्वतःच्या नावावर आणलेल्या विधेयकाला अशासकीय म्हणतात. सरकारी बहुमतापुढे ते मंजूर होण्याची शक्यता जवळपास नसते आणि संसदेत तर 1970 नंतर असे एकही विधेयक कायद्यात उतरलेले नाही. त्याचे खरे बळ सरकारला सभागृहात भूमिका घ्यायला भाग पाडण्यात असते, आणि येथे नेमके तेच घडले: बाहेरची मोहीम व आतले विधेयक यांच्या दुहेरी रेट्यामुळे सरकारला स्वतःचे विधेयक आणावे लागले आणि 1988 मध्ये प्रसवपूर्व निदान तंत्राच्या वापराचे नियमन करणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रात झाला.

हा कायदा निर्दोष नव्हता. खासगी केंद्रांना नोंदणीची मुभा राहिली, याला चळवळीतील अनेकांचा आक्षेप होता, आणि शेजारच्या राज्यात जाऊन चाचणी करून घेण्यास त्याचा अटकाव होणे शक्यच नव्हते. राज्याच्या विधिमंडळाची मर्यादा येथे उघडी पडते. तरीही देशव्यापी कायद्याची मागणी करणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक चालते उदाहरण आले. गोरे पुढे 1988–89 मध्ये विधानसभेतील विरोधी पक्षनेत्या झाल्या. प्रसवपूर्व निदानासंबंधीचा केंद्रीय कायदा संसदेने 1994 मध्ये संमत केला आणि 1 जानेवारी 1996 पासून तो अमलात आला. त्या वेळी गोरे संसदेच्या सदस्य नव्हत्या.