प्रतिध्वनीचें मौन

कड्यासमोर हांक मारली तर ती परत येते, हें लहान मूलही जाणतें. परंतु परत येण्यास लागलेल्या वेळावरून कडा किती दूर आहे हें ठरवितां येतें, आणि त्याच बळावर निर्जीव यंत्रालाही आपली वाट आपण काढावयास शिकवितां येतें, या विचारापर्यंत पोंचावयास मनुष्याला फार काळ लागला. त्या प्रवासाची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

या विद्येचा पहिला आचार्य वटवाघूळ होय. १७९३ सालीं इटलींतील पाविया येथील प्राध्यापक स्पालांझानी यांना असें आढळलें कीं, निबिड काळोखांत घुबड भांबावतें. परंतु वटवाघूळ मात्र, त्याचे डोळे नाहींसे केले तरीही, निर्धास्तपणें उडत राहतें. पुढच्याच वर्षीं जिनीव्हाच्या ज्यूरीन यांनीं त्याचे कान बंद केले. तेव्हां तें वाटेंतील वस्तूंवर आदळूं लागलें. कानांनीं पाहणें ही कल्पना विद्वानांना चमत्कारिक वाटली. क्यूव्हिएसारख्या थोर शास्त्रज्ञानें हा सारा स्पर्शाचा प्रभाव आहे असा निर्वाळा दिला, आणि तोच दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. वटवाघळाचा तो आवाज माणसाला ऐकूं येत नव्हता. म्हणून तो नाहींच, असें सर्वांनीं धरलें. १९३८ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत ग्रिफिन व पिअर्स यांनीं यंत्राच्या साहाय्यानें तो पकडला, तेव्हां हा भ्रम फिटला.

दरम्यान समुद्रावर मोठा अनर्थ घडून गेला होता. १९१२ च्या एप्रिल महिन्यांत टायटॅनिक ही आगबोट हिमनगावर आदळून बुडाली व सुमारें १,५०० माणसें प्राणास मुकलीं. त्याच वर्षीं इंग्लंडांत रिचर्डसन यांनीं प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. १९१४ सालीं अटलांटिक महासागरांत फेसेंडेन यांनीं हिमनगाचा प्रतिध्वनि प्रत्यक्ष मिळविला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें लांझव्हँ यांनीं, वीज लाविली असतां कंप पावणाऱ्या स्फटिकापासून अश्राव्य ध्वनि, म्हणजे सेकंदास २०,००० हून अधिक कंपनांचा ध्वनि, पाण्यांत सोडून दाखविला.

ही विद्या चालत्या यंत्रांच्या हातीं आली ती एका कॅमेऱ्याच्या निमित्तानें. १९७८ सालीं पोलरॉइड कंपनीनें ध्वनीनें अंतर मोजून आपलें भिंग आपणच जुळविणारा कॅमेरा विक्रीस काढला. त्यांतील ध्वनिमापक संशोधकांनीं यंत्रमानवांवर बसविले.

घरांत हें यंत्र बरें चालतें. उघड्या मैदानांत मात्र निसर्ग त्याची कसोटी पाहतो. हवेंतील ध्वनीचा वेग शून्य अंश उष्णतेला सेकंदास ३३१ मीटर, तर ४० अंशांना सुमारें ३५५ मीटर असतो. दुपारच्या ४० अंशांना बसविलेलें गणित पहाटेच्या १० अंशांना तसेंच ठेविलें, तर ५ मीटरांवरील भिंत सुमारें सव्वापांच मीटरांवर भासेल. वारा ध्वनीला विचलित करतो. आणि ध्वनि जितका उच्च, तितका हवेंत तो लवकर विरतो. परंतु उष्णता मोजून वेगाची चूक सुधारतां येते. खरा धोका निराळाच आहे. तिरकी गुळगुळीत भिंत ध्वनीला आरशाप्रमाणें भलतीकडे परतविते. मऊ वस्त्र त्याला गिळून टाकतें. अशा वेळीं प्रतिध्वनि येत नाहीं, आणि भोळें यंत्र समजतें कीं वाट मोकळी आहे. त्या वाटेवर कोणी मनुष्य उभा असेल तर?

१९८५ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत मोरावेक व एल्फेस यांनीं जागेचा नकाशा लहान लहान चौकटींत मांडला, आणि रिकामी व व्यापलेली यांच्या जोडीला ‘अज्ञात’ असाही एक वर्ग मानला. अनेक जागांहून घेतलेल्या मापांची साक्ष जमेस धरून मगच चौकटीचा निर्णय करावयाचा, ही त्यांची रीत. वटवाघळाच्या बाबतींत विद्वानांनीं जी चूक केली, तीच यंत्राकडून होऊं नये याची ही तजवीज होय. उत्तर आलें नाहीं, एवढ्यावरून समोर कोणी नाहीं असें ठरत नाहीं. जें यंत्र हा विवेक पाळील, त्यालाच माणसांच्या रस्त्यावर चालण्याचा अधिकार द्यावा.