धोबी तलावच्या कोपऱ्यावर एक पानी कम

ट्राम पुरती थांबायच्या आत उतरा. घाबरू नका, तिचा वेग तो केवढा. सगळेच असे उतरतात. फक्त पाय रस्त्याला लागला की दोन पावलं तिच्याबरोबर धावा, नाहीतर तोंडावर आपटाल. हां, जमलं. घंटा बडवत ट्राम पुढे गेली आणि तुम्ही धोबी तलावला उभे आहात. मुंबईत अजून ट्राम धावते आहे, म्हणजे १९६४ चा मार्च सरलेला नाही. एवढं कळलं की बास. साल विचारत बसू नका, सकाळची वेळ आहे आणि पोटात कावळे ओरडताहेत.

नाक उघडं ठेवा. व्हिक्टोरियांच्या घोड्यांची लीद, ओला रस्ता, कुणाच्या तरी अंगाला चोपडलेलं खोबरेल, आणि या सगळ्याला बाजूला सारत येणारा तो वास: लाकडाच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या पावाचा. त्याच्या मागोमाग चला. तो तुम्हाला रस्त्याच्या कोपऱ्यावरच नेईल, कारण इराण्याचं हॉटेल कोपऱ्यावरच असतं. कोपऱ्याची जागा धंद्याला अशुभ म्हणून हिंदू व्यापारी ती घ्यायचे नाहीत, असं सांगतात. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांना ती स्वस्तात मिळाली, आणि दोन रस्त्यांचा उजेड आणि दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं फुकटात मिळाली. इथे धोबी तलावला तर पर्यायच पर्याय. जेर महालात क्यानी, समोर बस्तानी. तुम्ही कुठेही शिरलात तरी आतलं दृश्य साधारण सारखंच.

आत आलात की आधी आवाज अंगावर येतो. संगमरवरावर आपटणाऱ्या बशा, वरच्या पंख्याची कुरकुर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पोऱ्यांची आरडाओरड. गल्ल्यावर शेठ बसलेत. त्यांच्यापुढे काचेच्या बरण्यांत बिस्किटं आणि मागच्या फळीवर साबण, दाढीची पाती, दंतमंजन. साबण घ्यायला आलेला माणूसही चहा पिऊनच जातो. भिंतींवर मोठाले आरसे आहेत. शेठना जागचं न हलता सगळी टेबलं दिसतात. आरशात बघून केस मात्र विंचरू नका, तशी पाटीच लावलेली आहे. बस्तानीतल्या अशाच पाट्यांवरून पुढे निस्सिम इझिकेल यांनी एक कविता लिहिली.

मोकळं टेबल शोधू नका, मिळणार नाही. पोऱ्या बोटाने खुर्ची दाखवेल, तिथे बसा. समोर एक गोवेकर वादक बसला आहे, व्हायोलिनची पेटी मांडीवर घेऊन. जवळच्याच एखाद्या कुडात, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक वसतिगृहात, राहत असेल. पलीकडे कॉलेजातली दोन पोरं, एक वकिलाचा कारकून, आणि रात्रपाळी संपवून आलेला, डोळे तांबारलेला माणूस. कुणी कुणाची परवानगी विचारत नाही. वाकवलेल्या लाकडाची खुर्ची पाठीला बरोबर बसते. कोपरं टेबलावर टेका. बाहेर अंगाची काहिली होत असताना हा दगड कसा गार लागतो बघा!

"क्या मंगता?"

म्हणा, "एक पानी कम, एक ब्रून मस्का." पोऱ्या मागे न वळताच आत ओरडतो, आणि तुमची बसायची मांड जमायच्या आत बशी येऊन आदळते.

ब्रून म्हणजे नुसता कडक पाव नव्हे. सुरी घातली की कवचाचा कर्रर्र आवाज शेजारच्या टेबलापर्यंत जातो, चुरा तुमच्या शर्टावर उडतो. आत मात्र तो मऊ आणि वाफाळता. मस्का पॉल्सनचा: पिवळाधमक, चांगला खारट, आंबवलेल्या सायीची धार असलेला. कंजुषी न करता थापलेला. त्याचा तुकडा चहात बुडवा. चहा दाट, गोड, नावाप्रमाणे पाणी कमी आणि दूध जास्त. त्यावर मस्क्याचे सोनेरी थेंब तरंगायला लागतात. खारट आणि गोड जिभेवर एकदमच येतं. टाळू थोडी सोलवटते, सोलवटू दे. चहा गरम वाटला तर बशीत ओता आणि फुर्रकन ओढा. इथे कुणी नाक मुरडणार नाही.

आणि आता ती प्लेट. तुम्ही मागवली नाहीत तरी ती मध्यावर येऊन बसली आहे: दोन मावा केक, एक जॅम रोल, दोन खारी, जिंजरची बिस्किटं. पोऱ्याने ठेवली आणि गेला. हवं ते उचला, नको ते तसंच राहू द्या. उठताना तो प्लेटवर नजर टाकेल, काय कमी झालं ते बघेल आणि तेवढ्याचेच पैसे सांगेल. मावा केक उचला आधी. कागद सोलताना त्याला चिकटून आलेला तेलकट तांबूस थर दाताने खरवडून खा, तोच तर खरा. वेलदोडा, खवा, आणि कडेला किंचित करपलेली साखर. समोरचा वादक खारी उचलतो. एकाच प्लेटमधून तुम्ही दोघं, नावही माहीत नसलेले, खाताय. मला विचाराल तर इराण्याच्या सगळ्या पदार्थांत हा सगळ्यात मोठा पदार्थ: न मागता पुढे ठेवलेली, विश्वासाने मोजलेली प्लेट. मावा केक आजही कुठे कुठे मिळतो. ती प्लेट आता क्वचितच कुणी आपण होऊन पुढे ठेवतं.

घाई नाही ना? मग खिमा-पाव सांगा, वर अर्धकच्चं अंडं फोडून. आल्याचा झणका घशात जाईल, कपाळावर घाम येईल. दुपारपर्यंत बसलात तरी कुणी उठवणार नाही. मेट्रो टॉकीजचा मॅटिनी सुटला की लोंढा येतो आणि रास्पबेरीच्या बाटल्या फुटायला लागतात. लालभडक, नाकात झिणझिण्या आणणारी, जीभ संध्याकाळपर्यंत रंगवून ठेवणारी. सोबत ब्रेड पुडिंग घ्या. कालचा पाव, अंडी, दूध, साखर, चार बेदाणे. वरची साय तपकिरी, आतला भाग थरथरता. उरलेला पाव वाया न घालवता केलेली ही चीज, आणि मुलांना दाखवायचं आमिषही हीच.

उठा आता. बिल कागदावर येत नाही. तुम्ही गल्ल्याकडे निघालात की पोऱ्या मागून खड्या आवाजात ओरडतो, "चष्मेवाला, आठ आना!" साऱ्या हॉटेलला कळतं तुम्ही किती खाल्लंत ते. शेठ मान न उचलता नाणी घेतात. झालं.

बाहेर पडलात की ट्राम नाही. चालू काळात आहात.

एके काळी मुंबईत इराण्यांची साडेतीनशेच्या आसपास हॉटेलं होती असं म्हणतात; आज उरलेली पंचवीस-तीसच्या घरात. बस्तानी बंद झालं. पॉल्सनचं लोणी इतिहासजमा झालं. कोपऱ्याच्या जागेला सोन्याचा भाव आला, आणि एका चहावर दोन तास बसणारं गिऱ्हाईक त्या भावात परवडेना. शेठच्या नातवंडांनी दुसऱ्या वाटा धरल्या, त्यात त्यांचा काय दोष! पहाटे तीनला उठून भट्टी पेटवायची हौस कोण किती पिढ्या करणार? २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेने लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलायला सांगितल्या. शहराची हवा सुधारायला हवी, हे मान्यच. पण गॅसवर ब्रूनचं कवच तसं येत नाही, असं जुने बेकरीवाले सांगतात, आणि मला त्यांचं पटतं. पदार्थाची कृती कागदावर राहते. भट्टी, पोऱ्याची खणखणीत हाक आणि सोबत बसायला लागणारा मोकळा वेळ यांची कृती कुठे लिहून ठेवणार?

तरी क्यानी धोबी तलावला १९०४ पासून आहे आणि उघडं आहे. माटुंग्याला किंग्ज सर्कलवर १९३२ चं कूलार आहे. एखाद्या सकाळी जा, घरातल्या लहानांना घेऊन जा. ब्रून मस्का मागवा, पुडिंग आहे का विचारा, आणि समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस बसला तर बसू द्या. पार्सल मात्र मागू नका. तिथेच बसून खा.