मनगटाच्या पट्टीची हकीकत

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नातीसाठी विणलेला मफलर आणि त्याच नमुन्याचे बिनबोटांचे हातमोजे मंडळात दाखवायला आणले होते. "वहिनी, ही वीण कोठली?" असे कित्येक भगिनींनी विचारले. उत्तर लांबलचक आहे, म्हणून स्मरणिकेतच देते.

माझी लेक इंग्लंडात नॉटिंगहॅमला असते. जवळच रडिंग्टन गावी यंत्रावर मोजे विणणाऱ्या कारागिरांचे संग्रहालय आहे. ते मी पाहिले. असे यंत्र प्रथम विल्यम ली याने १५८९ साली केले. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल, म्हणून राणी एलिझाबेथने त्याला सनद नाकारली, असे सांगतात. तरी पुढे ही यंत्रे घरोघरी आलीच. यंत्रावर बहुतेक पुरुष बसत. बायका मोज्यांची शिवण घालीत आणि मुले सूत गुंडाळीत. यंत्र बहुधा भाड्याचे. काम नसले तरी भाडे सुटत नसे! मजुरी घटली, तेव्हा १८११ साली कारागीर यंत्रे फोडू लागले. १८१२ साली त्या गुन्ह्याला फाशीची शिक्षा ठरली. कवी बायरनने लॉर्डांच्या सभेत तिला विरोध केला. पण कायदा झालाच.

लीच्या यंत्राला सपाट वीणच येई. सुलट-उलट टाक्यांची ताणणारी पट्टी डर्बीशरच्या जेडेडाया स्ट्रटने १७५८-५९ च्या सुमारास सुयांचा दुसरा संच जोडून साधली. आपण स्वेटरच्या काठाला सहज घालतो त्या पट्टीसाठी यंत्राला जवळजवळ १७० वर्षे लागली!

म्हणून मनगटाला तीच पट्टी घेतली: ४० घरे, दोन सुलट, दोन उलट, १६ ओळी. त्यावर सपाट विणीत जाळीच्या आडव्या रांगा. दोन टाके एकत्र विणून सुईवर धागा घेतला की जाळी पडते. उजेडासाठी त्या कारागिरांच्या घरांना आडव्या लांब खिडक्या असत, त्या या रांगा. बाजू शिवताना अंगठ्यापुरती फट ठेवावी. मफलरला दोन्ही टोकांस पट्टी, मध्ये खिडक्या.

लीचे नाव राहिले, स्ट्रटचेही राहिले. दिवसभर शिवण घालणाऱ्या बायकांची नावे मला तेथे दिसली नाहीत. हातमोज्यांची शिवण घालताना मला त्यांचीच आठवण होत होती.

नमुना हवा असेल त्या भगिनींनी बुधवारी सुया आणि लोकर घेऊन मंडळात यावे.