गोरेगावचे पाणी

मुंबई शहराची तहान भागविण्यासाठी विहार तलाव बांधण्यात आला तो १८६० साली. तुळशी तलाव त्यानंतर, १८७९ साली. हे दोन्ही तलाव साष्टीच्या डोंगरांत, गोरेगावापासून फार दूर नाहीत. परंतु त्यांचे पाणी नळांतून दक्षिणेस शहराकडे गेले आणि डोंगराच्या पायथ्याशी राहणारे लोक बव्हंशी विहिरींवरच अवलंबून राहिले.

१९५७ साली महापालिकेची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली आणि गोरेगाव मुंबईत आले. नळ मात्र त्या वेगाने आले नाहीत. वस्ती तर झपाट्याने वाढत होती. आपल्या ज्ञातीतीलही पुष्कळ कुटुंबे गिरगाव-परळच्या चाळी सोडून उपनगरांत राहावयास गेली. हंड्यांच्या त्या रांगांविषयी आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया सांगत आल्या आहेत.

१९६१ साली मृणाल गोरे महापालिकेवर निवडून आल्या. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून त्या समाजकार्यात पडल्या होत्या. पती केशव गोरे १९५८ सालीच निवर्तले होते. पाण्याकरिता त्यांनी केवळ अर्जविनंत्यांवर भिस्त ठेवली नाही. सभागृहात प्रश्न लावून धरला आणि रिकामे हंडे घेतलेल्या बायकांचे मोर्चे पालिकेच्या दारी नेले. लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले. अर्ज लिहिण्याचे कसब आम्हां पुरुषमंडळींस चांगले साधते. आमच्या मंडळाच्या दप्तरातही अशा अर्जांच्या नकला थोड्या नाहीत. परंतु अर्ज टेबलाच्या खणात ठेवता येतो, दारात उभ्या राहिलेल्या बायकांस ठेवता येत नाही. शिवाय पाणी भरण्याचे कष्ट त्यांचेच होते. हंड्याचे वजन त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे आम्हांस अवश्य वाटते. स्वतःच्या घरी नळ आला की शेजारच्या झोपडीची तहान दिसेनाशी होते. झोपडीवाल्यांस पाणी दिले तर ते कायमचेच होतील, असे म्हणणारे आपल्यातही होते व आहेत. मृणालताईंनी झोपड्यांच्या पाण्याचा आग्रह सोडला नाही.

जुलै २०१२ मध्ये त्या निवर्तल्या. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, घर अनधिकृत आहे एवढ्याच कारणास्तव त्यात राहणाऱ्या माणसास पाणी नाकारता येणार नाही. दर अधिक लावण्याची मुभा पालिकेस राहिली.